पगारपत्रक आधी, रिटर्न नंतर

संगमनेर तालुक्यात मोठ्या संख्येने पगार देणाऱ्या संस्था मोजक्या आहेत: साखर कारखाना, दूध संघ, शिक्षणसंस्था आणि तंबाखू-विडीच्या धंद्यातून वाढलेले जुने उद्योगसमूह. त्यांच्याकडे लेखा विभाग आहे, हजेरी पाहणारी माणसं आहेत, कायद्याचं पाहणारा अधिकारी आहे. त्यांच्या भोवती मात्र शेकडो लहान धंदे उभे आहेत. फॅब्रिकेशनची वर्कशॉप, गॅरेज, दुग्धपदार्थांचे छोटे कारखाने, कापडाची आणि हार्डवेअरची दुकानं, ठिबकचे विक्रेते, पुणे-नाशिक महामार्गावरची हॉटेलं. तिथे मालक हाच लेखापाल, हाच वसुली अधिकारी आणि हाच कामगार अधिकारी. त्याला पगार, कर आणि धंद्याचं व्यवस्थापन या तीन गोष्टींचं मार्गदर्शन नेमकं कुठून मिळतं आणि ते कितपत पुरतं, याचा हा आढावा.

मार्गदर्शन मिळतच नाही असं म्हणता येणार नाही. जीएसटीचं रिटर्न भरणारा सल्लागार असतो, प्राप्तिकरासाठी सीए असतो, पीएफचं काम पाहणारा तिसराच कुणी तरी असतो आणि बँकेच्या कर्जाचा प्रकल्प अहवाल चौथा तयार करतो. प्रत्येक जण आपापल्या खिडकीपुरतं बरोबर सांगतो. पण पगारातला एक निर्णय प्राप्तिकरात कुठे उमटतो, जीएसटीत दाखवलेली विक्री बँकेच्या मर्यादेवर काय परिणाम करते, हे एकत्र पाहणारं कुणी नसतं. माझ्या मते लहान धंद्याची खरी अडचण कराच्या दरात नाही, ती या तुटलेपणात आहे. आणि ते जोडायची सुरुवात पगारपत्रकापासून व्हायला हवी. आपल्याकडे मात्र ती रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून होते.

लहान धंद्यातला पगार बहुतेक वेळा कागदावर येतच नाही. हजेरीची वही असते, त्यात खाडे मांडलेले असतात, मागच्या पानावर उचल लिहिलेली असते. महिनाअखेरीला उचल वजा करून उरलेली रक्कम हातात दिली जाते. सणासाठी, दवाखान्यासाठी, मुलीच्या लग्नासाठी घेतलेली उचल वर्षानुवर्षं फिरत राहते. मालकाला वाटतं आपण माणसाला सांभाळतो, कामगाराला वाटतं आपण कधीच मोकळे होत नाही. वेतन संहितेप्रमाणे पगारातून होणारी एकूण कपात वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त असता कामा नये. त्यामुळे उचल दिली तर तिचे हप्ते ठरवून दोघांच्या सह्यांनिशी लिहून ठेवावेत आणि पगार पूर्ण दाखवून कपात वेगळ्या रकान्यात मांडावी. उचल वळती करून उरलेला आकडाच ‘पगार’ म्हणून लिहिला, तर मालकाचा खर्च कमी दिसतो, कामगाराचं वेतन किमान वेतनापेक्षा कमी दिसतं आणि दोन्ही गोष्टी पुढे मालकाच्याच अंगावर येतात.

या बाबतीत संगमनेरला स्वतःचा इतिहास आहे. हे विड्यांचं गाव. घरी तंबाखू-पानं आणून हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या बायकांना ‘कामगार’ म्हणायचं की नाही, हा वाद देशभर चालला. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ चा कायदा आला, १९७७ मध्ये विडी उद्योगाला भविष्यनिर्वाह निधी लागू झाला, आणि घरी बसून विडी वळणारी बाईसुद्धा त्या निधीची हक्कदार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने पी. एम. पटेल अँड सन्स या प्रकरणात १९८५ मध्ये ठरवलं. ज्या कामात हजेरी नाही, कारखान्याचं छप्पर नाही, फक्त नगावर मोजणी आहे, त्याचंही पगारपत्रक होऊ शकलं आणि म्हातारपणी विडी कामगार बायकांच्या हाती पीएफ आला. आज आठ-दहा माणसांचं वर्कशॉप चालवणारा मालक ‘आमच्याकडे हे शक्य नाही’ म्हणतो, तेव्हा हा इतिहास त्याला सांगितला पाहिजे. विडी उद्योगासाठी पीएफचा दर आजही १२ ऐवजी १० टक्के आहे.

आता प्रत्यक्ष आकडे. समजा एका वर्कशॉपमध्ये २२ माणसं आहेत आणि एकाचं मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १६,००० रुपये आहेत. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर धरला तर मालकाचा हिस्सा १,८००. विमा आणि प्रशासकीय खर्चाचे साधारण १५०. ईएसआय लागू असेल तर ३.२५ टक्क्यांनी ५२०. बोनस ८.३३ टक्के, तो १२,००० रुपये किमान वेतनावर धरला तर महिन्याला १,०००. ग्रॅच्युइटीसाठी वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन, म्हणजे महिन्याला ७६९. सगळं मिळून मालकाला तो माणूस २०,२३९ रुपयांना पडतो. त्याच माणसाच्या पगारातून पीएफचे १,८००, ईएसआयचे १२० आणि व्यवसाय कराचे २०० कापले जातात आणि हातात १३,८८० येतात. मधलं अंतर ६,३५९ रुपयांचं. मालक २० हजारांचा विचार करतो, कामगार पावणेचौदा हजारांचा, आणि दोघांनाही समोरचा आपल्याला फसवतोय असं वाटत राहतं. हा हिशेब दोघांनी एकदा एका कागदावर पाहिला तर निम्मी भांडणं तिथेच मिटतील. कापलेले पैसे कामगाराचेच आहेत, निधी आणि दवाखान्याच्या रूपाने ते त्याच्याकडेच येतात, हे पगाराच्या पावतीखेरीज दुसरं काही त्याला दाखवू शकत नाही. कामाचा दर ठरवतानाही मालकाने २०,२३९ चाच आकडा धरावा. कोटेशनमध्ये मजुरी १६ हजारांनी धरणारे धंदे वर्षअखेरीला ‘नफा कुठे गेला’ म्हणून शोधत बसतात.

पीएफ २० माणसांना लागू होतो, म्हणून १९ वर थांबायचं, किंवा एकाच छपराखाली वडिलांच्या आणि मुलाच्या नावाने दोन धंदे दाखवायचे, ही वाट सर्रास सुचवली जाते. हा सल्ला मला घातक वाटतो. एकाच मालकाच्या शाखा आणि विभाग कायदा एकत्र मोजतो, ठेक्यावरची माणसंही मोजतो, आणि एकदा पीएफ लागू झाला की पुढे संख्या कमी झाली तरी तो सुटत नाही. तपासणीत हे उघडं पडलं तर मागच्या वर्षांचा हिस्सा १२ टक्के व्याजासह भरावा लागतो, आणि कामगाराचा मागचा हिस्सा त्याच्या पगारातून आता कापता येत नाही. दोन्ही हिस्से मालकाच्या खिशातून जातात. उलट आज वाढीला मदत आहे. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात नव्या नेमणुका करणाऱ्यांसाठी केंद्राची विकसित भारत रोजगार योजना आहे. ५० पेक्षा कमी माणसं असलेल्या धंद्याने किमान दोन माणसं वाढवून सहा महिने टिकवली, तर प्रत्येकामागे महिन्याला ३,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन दोन वर्षं मिळतं, उत्पादन करणाऱ्यांना चार वर्षं. त्यासाठी पीएफची नोंदणी हवी. १९ वर अडून बसलेल्याला यातलं काही मिळत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतल्या तीन गोष्टी लहान मालकाने लगेच पाहाव्यात. मूळ वेतन व महागाई भत्ता एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून कमी ठेवून बाकीचं भत्त्यांत दाखवण्याची पद्धत आता चालणार नाही. भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. नेमणूकपत्र सगळ्यांना द्यायचं आहे. आणि माणूस काम सोडून गेला किंवा काढला तर त्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. ‘पुढच्या महिन्यात ये’ हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर आता कायद्याच्या विरोधात जातं. दुकानांच्या बाबतीत, २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी माणसं असलेल्यांची नोंदणी रद्द करून फक्त सूचना देण्याची सोय केली. ही मर्यादा २० वर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. तरीही बँकेत चालू खातं उघडताना गुमास्ता परवाना मागितला जातोच, त्यामुळे सूचनेची पावती जपून ठेवावी.

व्यवसाय कराबद्दल कुरकुर बरीच ऐकू येते. रक्कम लहान, काम मोठं, अशी तक्रार असते. पुरुषाचा पगार ७,५०० पर्यंत असेल तर कर नाही, १०,००० पर्यंत १७५, त्यावर २०० आणि फेब्रुवारीत ३००. बाईचा पगार २५,००० पर्यंत असेल तर काहीच नाही, ही सवलत १ एप्रिल २०२३ पासून याच मर्यादेत आहे. तरी काही दुकानांत जुन्या पद्धतीने बायकांच्या पगारातून कपात चालूच असते, ती थांबवावी. मालकाचा स्वतःचा २,५०० चा कर वेगळा, ३० जूनपर्यंत. हा कर १९७५ चा. १९७२ च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेच्या निधीत तो जातो. तालुक्यातल्या साकूर-घारगावच्या पठारावरच्या कुटुंबांनी त्या दुष्काळात खडी फोडलेली आहे. शहरातल्या पगारदाराच्या २०० रुपयांचा संबंध त्या हमीशी आहे, एवढं तरी मालकाने आपल्या माणसांना सांगावं. कामगार कल्याण निधीचे जून आणि डिसेंबरचे २५ आणि ७५ रुपये मात्र पाच माणसं असलेल्या दुकानालाही लागू आहेत, आणि बहुतेकांना ते नोटीस आल्यावरच कळतं.

जीएसटीवर मराठीतसुद्धा खूप लिहिलं गेलंय, म्हणून इथे थोडक्यात. वस्तूंच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत आणि सेवांना २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. दीड कोटीपर्यंतच्या दुकानदाराला कंपोझिशनची एक टक्क्याची वाट आहे, हॉटेलला पाच टक्क्यांची. ती सोपी आहे, पण बिलावर कर लावता येत नाही, राज्याबाहेर माल विकता येत नाही आणि घेणाऱ्याला क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, मिळत नाही. कारखान्याला किंवा एमआयडीसीतल्या कंपनीला माल देणाऱ्या वर्कशॉपने कंपोझिशन घेतलं की हळूहळू ऑर्डरी दुसरीकडे जातात. हा निर्णय कर सल्लागारावर सोडू नये, तो गिऱ्हाईक पाहून मालकानेच घ्यावा.

सगळ्यात जास्त पैसा अडकतो तो क्रेडिटमध्ये. माल आला, बिल आलं, पैसे दिले, पण पुरवठादाराने त्याच्या रिटर्नमध्ये ते बिल दाखवलं नाही तर क्रेडिट मिळत नाही. दर महिन्याच्या १४ तारखेला पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचं २बी हे विवरण तयार होतं आणि २० ला ३बी हे रिटर्न भरायचं असतं. मधले सहा दिवस पुरवठादाराला फोन करण्यासाठी आहेत. हे काम सल्लागाराच्या ऑफिसात होत नाही, कारण कुठल्या पुरवठादाराचे पैसे अजून द्यायचे आहेत, हे फक्त मालकाला माहीत असतं. आणि पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. उधारीवर चालणाऱ्या बाजारपेठेत हे कलम कुणी लक्षात ठेवत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ च्या दरबदलाने या तालुक्यातल्या कितीतरी धंद्यांचं गणित बदललं. तूप, लोणी, चीज १२ वरून ५ टक्क्यांवर आलं, ठिबक आणि ट्रॅक्टरही ५ वर, सिमेंट २८ वरून १८ वर, पॅक केलेलं पनीर करमुक्त झालं. पनीर करमुक्त झाल्यावर त्यासाठी घेतलेल्या कच्च्या मालाचं, पॅकिंगचं क्रेडिट मिळत नाही. दर कमी झाला म्हणून किंमत तेवढीच कमी करणाऱ्या छोट्या उत्पादकाला हा फटका सहा महिन्यांनी लक्षात येतो.

प्राप्तिकरात लहान धंद्याला सगळ्यात जास्त सांगितली जाणारी वाट म्हणजे अंदाजित नफ्याची, जुन्या कायद्यातलं कलम ४४एडी. उलाढाल दोन कोटींपर्यंत, रोखीचा भाग ५ टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंत, आणि नफा बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के, रोखीच्या विक्रीवर ८ टक्के. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा प्राप्तिकर कायदा २०२५ ने घेतली आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण ही सोय नव्या कायद्यातही आहे. बँकेतूनच १ कोटी २० लाख विक्री करणाऱ्या एकट्या दुकानदाराचा नफा ६ टक्क्यांनी ७ लाख २० हजार होतो आणि नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे कर शून्य येतो.

तोच धंदा दोन भावांच्या भागीदारीत असेल तर? फर्मला सवलत नाही, पहिल्या रुपयापासून ३० टक्के. अंदाजित नफ्यातून भागीदारांचा पगार वजा करता येत नाही. म्हणजे ७ लाख २० हजारांवर उपकरासह २,२४,६४० रुपये कर. त्याच फर्मने पूर्ण हिशेब ठेवला आणि खरा नफा तेवढाच असला, तर भागीदारांना ६ लाख १२ हजारांपर्यंत पगार देता येतो, करपात्र उरतात १ लाख ८ हजार आणि कर येतो ३३,६९६. भागीदारीच्या करारात पगाराची तरतूद हवी, १ एप्रिल २०२५ पासून २०,००० च्या वरच्या पगार-व्याजावर १० टक्के टीडीएस कापायला हवा, आणि ऑडिट लागलं तर त्याची फी. तरीही फरक १ लाख ९० हजारांचा आहे. बाजारपेठेतल्या भावाभावांच्या आणि बापलेकांच्या कित्येक फर्म ‘हिशेब ठेवायची कटकट नको’ म्हणून दरवर्षी एवढा कर भरत असतील. आपली फर्म कुठल्या रांगेत आहे हे त्यांनी या वर्षी विचारावंच.

सोयीच्या या वाटेचं आणखी एक नुकसान आहे. सलग काही वर्षं सहा-आठ टक्केच नफा दाखवणाऱ्या मालकाला स्वतःलाही खरा नफा माहीत नसतो. बँक मात्र रिटर्नमधला नफाच खरा धरते. वाढीसाठी कर्ज हवं तेव्हा तोच आकडा आडवा येतो.

पगार आणि कर यांचा सांधा सर्वोच्च न्यायालयाच्या १२ ऑक्टोबर २०२२ च्या चेकमेट सर्व्हिसेस निकालात स्पष्ट दिसतो. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ ठरल्या तारखेनंतर भरला तर १९६१ च्या कायद्याखाली तो मालकाचं उत्पन्न धरला जाईल आणि नंतर भरूनही वजावट मिळणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. वरच्या २२ माणसांच्या वर्कशॉपमध्ये महिन्याचा कापलेला हिस्सा ३९,६०० होतो. त्या कायद्याखाली १५ ची तारीख एका दिवसाने चुकली तरी फर्मवर उपकरासह १२,३५५ रुपये कर बसत असे. पीएफ पाहणारा माणूस आणि सीए एकमेकांशी बोलत नसले तर हे कळायचं ते थेट कराची मागणी आल्यावर.

रोखीच्या मर्यादाही अशाच. एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिले तर तो खर्च धरला जात नाही. शेतकऱ्याकडून थेट घेतलेला शेतमाल आणि दूध याला सूट आहे, पण मधल्या व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला नाही. आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेऊच नये, ही मर्यादा घेणाऱ्यावर आहे.

व्यवस्थापनाचं मार्गदर्शन यात सगळ्यात दुबळं. या तालुक्यात पैसा उसाच्या बिलाबरोबर आणि दहा दिवसांच्या दुधाच्या पगाराबरोबर फिरतो. गाळप संपलं की दुकानांची उधारी वाढते आणि मार्चअखेरीला कर, बँकेचं नूतनीकरण, पुरवठादारांची देणी एकदमच येतात. तरी अंदाजित नफ्यावर कर भरणाऱ्याला संपूर्ण अग्रिम कर १५ मार्चलाच भरायचा असतो. दिवाळीनंतरच्या चांगल्या महिन्यांत कराचे पैसे वेगळ्या खात्यात टाकत गेल्याशिवाय याला उपाय नाही. दुसरी गोष्ट, मालकाने स्वतःला ठरावीक रक्कम दर महिन्याला घेऊन घरखर्च त्यातच भागवावा. गल्ल्यातून किराणा आणि शाळेची फी जात राहिली, तर धंदा तोट्यात आहे की घर जास्त खर्चतंय, हे कधीच समजत नाही. तिसरी, उद्यम नोंदणी. ती मोफत आहे. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांत मिळाले नाहीत तर देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च धरता येत नाही आणि बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. व्यापाऱ्यांना हे संरक्षण नाही, फक्त उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे. वर्कशॉपवाल्यांनी हा क्रमांक बिलावर छापावा.

शिकवणाऱ्या संस्था महाराष्ट्रात कमी नाहीत. १९३४ पासूनचं पुण्याचं मराठा चेंबर, राज्याचं उद्योजकता विकास केंद्र, पुण्यातली दे आसरा फाउंडेशन, सीए संस्थेची अहिल्यानगर शाखा, जिल्हा उद्योग केंद्र. पण त्यांचा भर बहुतेक वेळा धंदा सुरू करण्यावर असतो, आणि तालुक्याच्या गावातला मालक पुण्याच्या किंवा अहिल्यानगरच्या कार्यशाळेसाठी दुकान बंद ठेवत नाही. मोबाइलवरचे व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण त्यांतले दर जुने आणि सवलती दुसऱ्या राज्याच्या असतात. स्थानिक सल्लागारच खरा आधार आहे. त्याच्याकडून एवढं मात्र हवं, की जीएसटी, पीएफ आणि प्राप्तिकराच्या पोर्टलवर मालकाचाच मोबाइल आणि ईमेल असावा. नोटीस सल्लागाराच्या ईमेलवर पडून राहिली, तर जबाबदारी शेवटी मालकाचीच ठरते.

गावातच करता येईल असं एक काम आहे. १९६१ पासूनच्या संगमनेर महाविद्यालयात वाणिज्य शाखा आहे, अमृतवाहिनी शिक्षणसंस्थेत व्यवस्थापनाचं शिक्षण मिळतं, आणि व्यापारी संघटना आहेतच. महिन्याच्या १५ तारखेनंतरच्या एखाद्या संध्याकाळी एक सीए, एक पीएफ पाहणारा आणि वाणिज्य शाखेची शेवटच्या वर्षाची मुलं एका टेबलावर बसली आणि दुकानदाराने आपली हजेरीची वही, २बी आणि बँकेचं पान तिथे आणलं, तर तिन्ही गोष्टी एकत्र पाहता येतील. मुलांना खरा हिशेब शिकायला मिळेल, मालकाला मराठीत उत्तर मिळेल. व्यापारी संघटनेने यंदाच्या दिवाळीच्या वहीपूजनाआधी असं पहिलं टेबल मांडावं, आणि मालकांनी तिथे येताना रिटर्नच्या आधी पगारपत्रक घेऊन यावं, ही विनंती.